मिठाला गेलेले

एरुवालमध्ये मीठ सोडून सगळं मिळतं. सातू पिकतो, मध भरपूर आहे, शेळ्या बारा महिने दूध देतात. मिठासाठी मात्र आमच्यातल्या कुणाला तरी दलदल ओलांडून, धुक्यातून पार होऊन माणसांच्या मुलखात जावं लागतं. गेलेले बहुतेक परत येतात. जे येत नाहीत ते मेले असं आम्ही म्हणत नाही. मिठाला गेले, म्हणतो. इस्मेरा पणजीचा मुलगा आरेल मिठाला गेला. ताल्वेनकाकांची बायको नियाव गेली. माझी सेनावी मावशी गेली तेव्हा मी तिच्या कमरेएवढी होते, आणि मला वाढवणारी ती एकटीच होती.

मी धुकं बघते. सकाळी दलदलीतल्या फळ्यांवरून पलीकडच्या काठाला जायचं, तिथून वळून बघायचं, आणि आमच्या करवूच्या झाडांचा एखादा शेंडा दिसत असेल तर आत येऊन सांगायचं. मग आतले लोक ओलं शेवाळ पेटवतात आणि धूर-धुकं पुन्हा दाट होतं. फळ्या अरुंद आहेत. एकट्याने चालता येतं, ओझं घेऊन नाही. ओझ्यासाठी तराफा आहे. त्याचा दोर ताल्वेनकाकांच्या ताब्यात असतो आणि दोर हलला की आतल्या काठावरची घंटा वाजते.

ताल्वेनकाका राखणदार. पलीकडच्या काठावर त्यांची झोपडी, तिथून थोड्या अंतरावर एक बसका दगड, आणि दगडामागे थडग्यांची रांग. थडगी माणसांची. दर पानगळीत एखादं केस पांढरे झालेलं, पिकलेलं माणूस धुक्याच्या कडेला येतं, त्या दगडाला टेकून बसतं आणि काही दिवसांत मरतं. का येतात ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. माणसांत तशी काहीतरी समजूत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही त्यांना पेज देतो, घोंगडी देतो, आत घेत नाही. मेल्यावर पुरतो, डोकं बाहेरच्या दिशेला करून, म्हणजे ते आपापल्या लोकांकडे जातील. आमच्या माणसाला पुरताना डोकं झऱ्याकडे करतात.

त्या वर्षी पेज पोचवणारीचा पाय मुरगळला. मी तशीही त्या बाजूला जात होते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

"हे घे," ताल्वेनकाकांनी माझ्या तळहातावर मेणाच्या दोन गोळ्या ठेवल्या. "कानात घाल. पेज ठेव, घोंगडी टाक, परत फीर."

"कान कशाला बंद करायचे?"

"बडबडतात. पिकलं की माणसाला भ्रम होतो. आम्ही एल्फ आहोत म्हणतात."

"आपली नावंसुद्धा सांगतात म्हणे."

"सांगणारच. आपले जे पकडले गेले त्यांच्याकडून काढून घेतलेली. तुझ्यासारखी एखादी कनवाळू भेटली की तराफा सुटायचा, आणि मागोमाग कुऱ्हाडी घेऊन अख्खं गाव आत."

बोलताना ते दोर गुंडाळत होते. त्यांचे हात मनगटापर्यंत काळपट होते. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा तो डाग. लोकर रंगवण्याचा नाद आहे, असं ते सांगायचे. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते.

मेण मी खिशात टाकलं. काही मोठा विचार करून नाही. एखादी गोष्ट ऐकू नकोस असं कुणी सांगितलं, की ती काय आहे हे कळेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.

दगडापाशी एक बाई बसली होती. चेहऱ्याची कातडी सुकलेल्या फळासारखी आत ओढलेली, केस पांढरे. कान माणसांसारखे गोल. पण वरच्या कडेला जाड वण होता, छाटलेल्या फांदीला येतो तसा. मी वाडगा ठेवला.

"पेज पातळ केलीयस," ती म्हणाली. "सातू संपला, की देणाऱ्याचा हात आखडला?"

मी घोंगडी तिच्या गुडघ्यांवर टाकली.

"आणि चालताना अजून डावा पाय बाहेर टाकतेस. त्या पायाच्या करंगळीचं नख आडवं वाढायचं. कापायला घेतलं की आभाळ डोक्यावर घ्यायचीस. अजून वाढतं का गं तसंच?"

वाढतं. मी पायाकडे पाहिलं. चामड्याचे जोडे होते. नख दिसणं शक्य नव्हतं.

"कोण तू?"

"नाव नाही सांगणार. आधी येत होती तिला सांगितलं. तिच्या कानात मेण, मी आपली ओरडतेय. तूच बघ काय दिसतंय ते."

मी समोर बसले. तिने पेज प्यायली आणि मधेमधे सांगत गेली. खिंडीत माणसांनी किल्ला बांधला आणि परतीची वाट बंद झाली. धुणी धुण्याचं काम मिळालं. कान तिने स्वतःच कापले, लोकर कातरायच्या कात्रीने, कारण टोकदार कानांवर तिथे बक्षीस लावलेलं होतं. किल्ल्यातले लोक कधीतरी जातील म्हणून ती वाट बघत राहिली. ते गेले नाहीत. त्यांची मुलं आली, मग मुलांची मुलं.

"आरसा नव्हता. एकदा धुण्याच्या पाण्यात बघितलं तर एक म्हातारी दिसली. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून."

म्हातारी हा माणसांचा शब्द. आमच्याकडे त्याची गरज पडत नाही.

"एल्फ पिकत नाहीत," मी म्हणाले.

"मलाही तसंच सांगितलं होतं."

मी तिचं मनगट हातात घेतलं. माणसांची नाडी भरभर चालते आणि आमची मंद, असं सगळे सांगतात. कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याचं मात्र मी ऐकलं नव्हतं. एक बोट तिच्या मनगटावर, एक माझ्या. तिचा ठोका क्षीण होता, मधूनच अडखळायचा, पण माझ्या ठोक्याच्या बरोबरीने पडत होता. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. एवढ्यात दलदलीकडून वारा आला आणि करवूचा ओला, कडवट वास आला. तिने डोळे मिटले.

"हा वास आला की गुडघे दुखायचे थांबतात," ती म्हणाली. "आत एक रात्र काढली ना, तरी मी उठून चालायला लागेन."

"मावशी," मी म्हणाले. तो शब्द तोंडातून आला तेव्हाच मला कळलं की माझं ठरलं आहे.

"हळू बोल. पेज सांडशील."

बाहेरच्या रानात पानं जवळपास गळून गेली होती. बर्फ यायच्या आत तिला तराफ्यावर घालायला हवं होतं.

*

सभा मोठ्या करवूखाली भरते. आमच्याकडे पणजी, आजी आणि नात शेजारी उभ्या राहिल्या तर बहिणी वाटतात. थोरली कोण ते जिभेच्या धारेवरून कळतं. इस्मेरा पणजी सर्वांत थोरली.

"मेण कुठंय?" हा तिचा पहिला प्रश्न.

"खिशात."

"छान. खिशाला नाही ऐकू आलं काही." लोक हसले. "बोल आता. ऐकलंच आहेस तर आम्हालाही ऐकव."

मी सगळं क्रमाने सांगितलं. नख, कानाचा वण, नाडी.

"एल्फ पिकतो का, लिओरू?" पणजीने विचारलं.

"पिकलेला आजवर कुणी पाहिला नाही."

"मी विचारलं काय आणि ही सांगते काय. पिकतो का?"

"पणजी, पिकलेला दिसला की तो माणूसच, असं आधीच ठरवून बसलो तर पिकलेला एल्फ आपल्याला दिसणार कसा? तो समोर येऊन बसला तरी आपण त्याला माणूसच म्हणणार."

"आणि नसलाच तर? तराफा सोडल्यावर कळलं की चुकलं, तर तू कुऱ्हाडींना काय समजावणार?"

"तिला उभं राहता येत नाही. कुऱ्हाड कुठली?"

"तिच्या मागे कोण उभंय ते तुला दिसतं?"

"माझ्या नखाचं तिला कसं कळलं? छळ करणाऱ्याला माझ्या करंगळीत काय रस असणार?"

"छळच कशाला हवा?" पणजीचा आवाज जरा खाली आला. "सेनावी बोलकी होती. माणसांत राहिली असेल. कुणीतरी तिला जीव लावला असेल, चुलीपाशी बसून तुझ्या गोष्टी सांगितल्या असतील. ऐकणारी आता पिकलीय आणि स्वतःलाच सेनावी समजतेय. असं होत नसेल?"

तसं होऊ शकत होतं.

"हिला मावशीच हवी असेल तर आमची घेऊन जा म्हणावं," मागून कुणीतरी म्हणालं. "वर एक शेळी देतो."

पणजीने हात वर करून त्यांना गप्प केलं. "ताल्वेन, एवढी वर्षं तू त्यांना पुरतोयस. नाडीचं काय?"

ताल्वेनकाका टोपी घालून एका बाजूला उभे होते. "पिकलं की नाडी मंदच होते," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "माणूस आहे ती."

राखणदाराच्या शब्दापुढे कुणी जात नाही. पेज दाट करावी आणि आणखी एक घोंगडी द्यावी, एवढं ठरलं. उजेड असतानाच मी ती घेऊन दगडापाशी गेले.

"काय म्हणाली इस्मेरा?" मावशीने विचारलं.

"दोन घोंगड्या."

ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. "सुधारली म्हणायची. आमच्या वेळी एकच द्यायची."

मी थांबते म्हटलं. तिने नको म्हटलं. थंडीने तू आजारी पडलीस तर उद्या भांडायला कोण जाईल, म्हणाली. मी तिला दोन्ही घोंगड्यांत गुंडाळलं आणि परत आले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यांवर पांढरं दंव होतं. काठाला पोचले आणि सवयीने वळून धुकं बघितलं. ते ठीक होतं. मग पुन्हा पुढे वळले तेव्हा ताल्वेनकाकांच्या दारातलं करवूचं रोप दिसलं.

ते रोप त्यांनी आतून आणून लावलं होतं. मी त्याच्या बाजूने रोज जायची, पण नीट कधी पाहिलं नव्हतं. त्याची पानं पिवळी झाली होती, दोन-तीन खाली पडली होती. एरुवालमध्ये करवूचं पान पिवळं पडत नाही. गळत नाही. पानगळ हा शब्दसुद्धा आम्ही बाहेरच्या रानाकडे बघून शिकलो. पान हातात घेऊन मी उभी राहिले. झाड तेच, बी तेच; फक्त जागा दलदलीच्या या बाजूची.

पूर्वी करवू सगळीकडे होता, माणसांनी तो तोडला, हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. सगळीकडे करवू असताना आमच्यातलं कुणी पिकायचं नाही. आता तो फक्त आत आहे. मग न पिकणं हे आमच्या रक्तात आहे, की त्या झाडांखाली राहण्यात? आत राहून हे कधीच कळलं नसतं. बाहेर राहून परत आलेला एल्फ पाहायला हवा होता. मिठाला जाऊन लगेच परतणाऱ्यांवर एवढ्या थोड्या काळात काय दिसणार? आमच्यापैकी दलदलीच्या या बाजूला सर्वांत जास्त कोण राहिलंय?

मी झोपडीच्या दाराकडे पाहिलं.

ताल्वेनकाका चुलीपाशी होते. अंगात पांढरी बंडी, कंबरेला पांढरा पट्टा, कोपऱ्यात पांढरी घोंगडी. सगळी लोकर शेळीच्या अंगावरून उतरली तशीच.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही रंगवलेली लोकर दाखवता का?"

त्यांनी चुलीत एक काटकी सारली. मग दुसरी. मी दारात उभीच राहिले. शेवटी त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाली केलं. केस अक्रोडी काळे होते, आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना, मुळाशी, बोटभर पांढरे.

"कधीपासून?"

"नियाव यायच्या आधीपासून."

"नियावकाकू परत आली होती?"

"त्या दगडापाशी बसायची. मी पेज ठेवायचो. तिचे ओठ हलायचे. मेण चांगलं होतं, काही ऐकू यायचं नाही." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्यावरून हात फिरवला. "मेल्यावर घोंगडीत गुंडाळताना गळ्याखालचा डाग दिसला. लग्नाच्या आदल्या दिवशी मधाचा कढत पाक सांडला होता तिच्या अंगावर. तो."

"मग?"

"मग काय. खड्डा आधीच खणून ठेवला होता. डोकं बाहेर करून."

"त्यानंतर तरी मेण काढायचं होतं, काका."

"त्यानंतर तर जास्तच घट्ट बसवलं, पोरी."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते आणि दगड हाकेच्या अंतरावर होता. "तराफा सोडा," मी म्हणाले. "तिला एक रात्र आत मिळाली तरी ती चालेल, असं म्हणते. पणजीला आपण नंतर सांगू."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली आणि खुंटीला अडकवली. "चल."

त्यांनी गाठ सोडली, दोर हलला, धुक्याआड घंटा वाजली. आम्ही दगडापाशी गेलो.

एक घोंगडी सरकून खाली आली होती. वाडग्यात उरलेल्या पेजेवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. मावशीचं तोंड दलदलीकडे वळलेलं होतं, वारा जिकडून येतो तिकडे. मी एक बोट तिच्या मनगटावर ठेवलं, एक माझ्या. माझे ठोके मोजत राहिले. तिचा एकही आला नाही.

"लिओरू," थोड्या वेळाने काका म्हणाले. "पुरे आता."

तिचं वजन काहीच नव्हतं. काकांनी तिला उचलून तराफ्यावर ठेवलं, डोकं आतल्या बाजूला केलं. मी घोंगडी नीट करत होते, तेवढ्यात फळ्यांवर पावलं वाजली. घंटा ऐकून इस्मेरा पणजी एकटीच आली होती, घरातल्या मऊ जोड्यांनिशी. जोडे चिखलाने भरले होते.

"कुणाच्या हुकमाने दोर हलला?" तिने विचारलं.

मी काही बोलणार होते. ताल्वेनकाकांनी मला हाताने थांबवलं आणि तिच्यासमोर जाऊन डोकं वाकवलं. रानातून सकाळचा उजेड येत होता. पणजीने आधी नुसतं पाहिलं. मग हात पुढे करून, लहान मुलाच्या डोक्यात उवा शोधतात तसे, दोन बोटांनी त्यांचे केस बाजूला केले. पांढरं होतं तिथे तिची बोटं थांबली.

ती किती वेळ तशी उभी होती ते मी मोजलं नाही. मी काहीतरी मोजलं नाही असं मला क्वचितच आठवतं.

तिने हात मागे घेतला आणि थडग्यांच्या रांगेकडे पाहिलं. रांग दगडापासून सुरू होऊन बाहेरच्या रानात पार आतपर्यंत जाते. जुन्या थडग्यांवर झुडपं वाढली आहेत.

"डोकी सगळी बाहेर?"

"सगळी," काका म्हणाले.

"माझा आरेल यातला कुठला?"

काकांनी रांगेवरून नजर फिरवली आणि नकारार्थी मान हलवली.

"ताल्वेन, त्यांनी नावं सांगितली असतील की. प्रत्येकाने सांगितलं असेल."

"कानात मेण होतं, पणजी," काका म्हणाले. "तूच दिलं होतंस."

ती यावर रागावली नाही. तिने मान हलवली, एखाद्याने विचारल्याचं बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात तशी. यातले काही खरोखरची माणसं असतीलही, असं माझ्या मनात आलं. वाट चुकलेली, भुकेली. आता ते वेगळं करायचा कुठलाच मार्ग नव्हता. मी ते बोलले नाही.

"हिला आत न्या," पणजी म्हणाली. "झऱ्यापाशी. मी येते."

"पणजी, थंडी आहे," मी म्हणाले. "तराफ्यावर जागा आहे."

"येते म्हटलं ना."

काका दोर ओढू लागले. तराफा काठापासून सुटला. मी मावशीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. करवूचा वास दाट होत गेला आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, काही बदलतंय का ते. बदललं काही नाही.

मागे वळले तेव्हा काठ धुक्यात बुडत होता. पणजी पहिल्या थडग्यापाशी वाकली होती. मग उठून दुसऱ्यापाशी गेली, तिथेही वाकली. काहीतरी विचारत होती. तराफ्यावरून ऐकू आलं नाही.